घोडं पेंड खातं ते इथं

शेतकऱ्याला बंदूक द्यावी असं सरकारला वाटतं. हे मी म्हणत नाही, १९५९ चा शस्त्र कायदा म्हणतो. पिकाच्या राखणीसाठी कुणी खरोखरच ठासणीची बंदूक मागत असेल तर त्याला परवाना द्यायचा, असं त्याच्या कलम १३ मध्ये लिहून ठेवलं आहे. ठासणीच्या बंदुकीनं राखण होणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याचीही सोय आहे. शेतकऱ्याच्या गरजेचा इतका खोलात जाऊन विचार सरकारनं दुसऱ्या कुठल्या बाबतीत केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आभारी आहे.

फक्त त्या बंदुकीचं निपल झिजलं तर काय करायचं, याबद्दल कलम १३ गप्प आहे.

ज्यांची ओळख काडतुसाच्या बंदुकीशी आणि तीही सिनेमातच झाली आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ठासणीच्या बंदुकीत सगळं तोंडाकडून भरायचं. आधी दारू, मग बोळा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी गजानं ठासायचं. नळीच्या बुडाशी बाहेरच्या अंगाला एक बोटाच्या पेराएवढी पोकळ, निमुळती नळकांडी आट्यांवर बसवलेली असते. तेच निपल. त्याच्यावर तांब्याची केप चढवायची, घोडा ओढायचा, चाप दाबायचा. घोडा केपेवर आदळतो, ठिणगी निपलाच्या भोकातून आत दारूपर्यंत जाते आणि बार उडतो. नळीला आतून पीळदार चर असतील तर ती रायफल. आमच्या भागातल्या राखणीच्या बंदुका आतून गुळगुळीत. तरी गावात तिला रायफलच म्हणतात आणि मी कुणाला दुरुस्त करत नाही, कारण दुरुस्तीचा परवाना माझ्याकडे नाही.

आता गावाविषयी. कंग्राळ्या दोन आहेत, बुद्रुक आणि खुर्द. मी कुठल्या कंग्राळीचा ते सांगत नाही. निष्कारण कुणी तपासणीला यायला नको. जवळून मार्कंडेय नदी वाहते. काठानं ऊस, भात, भाजीपाला. उसात रानडुकरं, भातात मोर. दुसऱ्या बाजूनं बेळगाव शहर बांधापर्यंत येऊन ठेपलं आहे. बंदुकांच्या बाबतीत हा मुलूख दुष्काळी म्हणता येणार नाही. कंग्राळीतच पोलिसांची प्रशिक्षण शाळा आहे. शहरात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, शिवाय कमांडोंना शिकवणारी लष्कराची शाळा आहे. लोखंडाच्या बाबतीत तर विचारूच नका. उद्यमबागेत ओतकाम, लेथ, हायड्रॉलिकची यंत्रं. तिकडं हत्तरगीला विमानांचे सुटे भाग तयार होतात. म्हणजे ज्या जिल्ह्यातून विमानाचा भाग परदेशी जातो, त्या जिल्ह्यात बंदुकीचं निपल मिळत नाही. विमान मागितलं असतं तर काहीतरी व्यवस्था झाली असती.

निपलाची आमची गरज ही मुळात एका पाद्र्याच्या तक्रारीतून निर्माण झाली आहे, हे मला आधी माहीत नव्हतं. स्कॉटलंडात बेलहेल्वी नावाच्या गावी अलेक्झांडर जॉन फोर्सिथ नावाचे पाद्रीबाबा होते. रविवारी प्रवचन, इतर दिवशी बदकांची शिकार. त्या काळच्या चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरच्या वाटीतली दारू भडकायची, मग आतला बार उडायचा. मधल्या क्षणात बदकं भडका बघून उडून जायची. पाद्रीबाबांनी आघातानं पेटणारी दारू वापरून ही अडचण सोडवली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. पुढं काही वर्षांत तांब्याची केप आली आणि जगभरच्या चकमकी मोडीत निघाल्या. एका माणसाची कुरकुर आणि तिची एवढी दखल! कंग्राळीतून मी करतो ती कुरकुर जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतसुद्धा पोचत नाही, आणि ते ठिकाण तर हाकेच्या अंतरावर आहे.

बरं, झिजलेल्या निपलामुळं बदकांची ती जुनी सवलत आमच्या डुकरांना परत मिळाली आहे. निपलाचं टोक वर्षानुवर्षं घोड्याचा मार खाऊन पसरतं. मग केप पूर्ण खाली बसत नाही. पहिल्या ठोक्याला केप नुसती जागेवर बसते, दुसऱ्या ठोक्याला वाजते. वाजली तरी आतला बार लगेच उडेलच असं नाही; तो थोडा विचार करतो. भोक मोठं झालं असेल तर उलटा वाफारा मागं येतो, घोडा आपोआप उचलला जातो आणि केपेचे तुकडे डोळ्याच्या दिशेनं येतात. एवढं होईपर्यंत डुक्कर ऊस खाऊन, दोन सरी उकरून, पिल्लांना वाट दाखवून नदीकडं निघालेलं असतं. फोर्सिथसाहेब हयात असते तर त्यांनी मला समजून घेतलं असतं.

तर निपल बदलायचं ठरवलं. मार्केट यार्डाच्या अंगाला हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"निपल हाय काय ओ?"

"कुठलं? ग्रीसचं का सायकलचं?"

"बंदुकीचं."

दुकानदारानं एकदा माझ्याकडं आणि एकदा शटरकडं बघितलं. "तसलं ठेवत न्हाई आम्ही. बाळाच्या बाटलीचं पायजे तर पलीकडं मेडिकलात मिळतंय, बघा की."

शेजारी उभ्या गिऱ्हाइकानं सल्ला दिला की ग्रीसचं निपल कापून बसवा, चालतंय. ग्रीसच्या निपलात आत गोळी आणि स्प्रिंग असते, ती ठिणगीला आत जाऊ देणार नाही, असं मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "मग केप कशाला, दिवाळीच्या टिकल्या लावा की." आमच्या भागात सल्ला देणाऱ्याला परवाना लागत नाही.

उद्यमबागेत ओळखीचा एक टर्नर आहे. केसाच्या जाडीचाही फरक खपवून न घेणारा माणूस. त्यानं जुनं निपल हातात घेतलं, मायक्रोमीटर लावला, मग आटे मोजायच्या पात्यांचा सगळा जुडगा एकेक करून लावून बघितला.

"मामा, ड्रॉइंग हाय काय ह्याचं?"

"ड्रॉइंग कुठलं. हेच ड्रॉइंग समज."

"हे आटे इंचातले न्हाईत, खरं मिलिमीटरचेपण न्हाईत. कुणी काढलेत?"

"आजोबांच्या वेळच्या लोहारानं."

"मग त्यांनाच इचारा की."

इथं इतिहासाची थोडी मदत घ्यावी लागते. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिरानं १८४१ मध्ये सुचवलं की देशातल्या सगळ्या स्क्रूंचे आटे एका मापाचे असावेत. पुढं १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीचे भाग यंत्रावर असे एकसारखे निघू लागले की एकीचा घोडा दुसरीला बसावा. एन्फिल्डचं निपल आजही मापानं सांगता येतं: पाच-सोळांश इंच, इंचाला अठरा आटे. आमची बंदूक मात्र कुठल्याशा कारागिरानं हातानं केली, आणि नंतर ज्यानं ज्यानं ती उघडली त्यानं आपल्या हातात होत्या त्या टॅपनं नवे आटे काढले. त्यामुळं ती बंदुकांच्या जातीत स्वतंत्र जात आहे. तिला आपल्या घरच्याशिवाय दुसऱ्या कुणाचाच भाग चालत नाही, आणि घरचा भाग झिजला आहे.

टर्नर तरीही तयार झाला. जुने आटे मोठ्या टॅपनं साफ करायचे, पोलादाचं नवं निपल जरा जाड आट्याचं करायचं, भोक बारीक ठेवायचं. काम त्याच्या दृष्टीनं चहा पिता पिता होण्यासारखं. तेवढ्यात त्यानं विचारलं, "कशाचं म्हटला हे?"

"ठासणीच्या बंदुकीचं."

"लायसन?"

"आहे की. खिशातच आहे."

"तुमचं न्हवं ओ मामा. माझं."

त्याचंही बरोबर होतं. शस्त्र कायद्याचं कलम ५ सांगतं की परवाना असल्याशिवाय कुणी बंदूक बनवू नये, विकू नये, तिच्यात फेरफार करू नये, तिची दुरुस्ती करू नये, ती तपासूनही बघू नये. विमानाचे भाग घडवणाऱ्या जिल्ह्यातला कारागीर माझ्या निपलाला हात लावायला घाबरतो, यात त्याचा दोष नाही. मी ते कलम पुन्हा वाचलं. दस्त्याचा ढिला स्क्रू घट्ट करणं ही दुरुस्ती की देखभाल, हे त्यात सांगितलेलं नाही. तेव्हापासून मी तो स्क्रू खोलीचं दार लावून घट्ट करतो.

परवानाधारक दुरुस्तीवाला नाही असं नाही. एक आहेत. नाव घेत नाही. त्यांचं दुकान उघडं असतं तेव्हा मी शेतात असतो, मी जातो तेव्हा ते जेवायला गेलेले असतात. जेवून आले की म्हणतात, निपल? पुढच्या आठवड्यात या, माल येणार आहे. माल कुठून येणार आहे ते सांगत नाहीत. पुढच्या आठवड्यात म्हणतात, माल आला खरं तुमच्या बंदुकीला बसणारा न्हाई. नवी घ्या की, नवीला बसतंय.

निपलाचं एकट्याचं दुखणं असतं तर सोसलं असतं. पण निपल झिजतं ते घोड्यामुळं आणि घोडा पडतो तो पाहुण्यांमुळं. आमच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग "बंदूक दाखवा की." दाखवली की पाहुणा ती खांद्याला लावतो, एक डोळा मिटतो, छपराच्या आढ्यावर नेम धरतो, घोडा ओढतो आणि सोडतो. ठक्. रिकाम्या निपलावर पडलेला हा प्रत्येक ठोका ते टोक आणखी पसरवतो. असं करू नका म्हटलं तर म्हणतात, "रिकामीच हाय न्हवं?" म्हणून मी निपलावर चामड्याचा तुकडा ठेवायला सुरुवात केली. आता पाहुणे आधी तो तुकडा काढतात, हे काय आहे विचारतात, कौतुकानं खाली ठेवतात आणि मग ठक्. डुकरांवर या बंदुकीचे जेवढे बार उडाले नसतील, त्याच्या कितीतरी पट आमच्या सोयऱ्यांनी हवेत उडवले आहेत.

घोड्याला दोन मुक्काम असतात. अर्धा ओढला की तो अडकून राहतो, चाप दाबला तरी पडत नाही. ही सुरक्षित जागा. पूर्ण ओढला की बार उडवायला तयार. आतल्या चाकावर यासाठी दोन खाचा कापलेल्या असतात आणि चापाला जोडलेल्या खटक्याचं टोक त्या खाचांत बसतं. खाचेची धार झिजली की अर्धा घोडा विश्वासाचा राहत नाही. आमचा अर्धा घोडा शेजाऱ्याच्या शब्दासारखा आहे. धरून राहतो, पण त्याच्यावर वजन टाकायचं नाही. ही खाच घासून पुन्हा धारदार करायची, तर घासल्यावर पोलादाला वरून कठीणपणा द्यावा लागतो, नाहीतर महिन्यात पहिल्यासारखी. हे जाणणारा लोहार आजोबांबरोबर गेला. त्याचा नातू आता खिडक्यांचे ग्रिल आणि गेट करतो. त्यानं बंदूक बघितली आणि म्हणाला, "वेल्डिंग मारू काय?"

हा आमच्या काळाचा मंत्र आहे. मोठी स्प्रिंग मोडली, वेल्डिंग मारू काय. घोड्याचं बूड झिजलं, वेल्डिंग मारू काय. नळीला बुडाशी बारीक चीर आहे का अशी शंका आली, तर तिथंही वेल्डिंग मारू काय. ज्या नळीत दारू पेटते तिला वेल्डिंग मारून ती खांद्याला लावायची, यात धोका आहे असं मी म्हटलं. तो म्हणाला, "मजबूत मारतो की." त्याच्या कामाच्या मजबुतीबद्दल मला शंका नाही. त्याच्या गेटखाली आमच्या गावात कुणी दगावलेलं नाही.

मोठ्या स्प्रिंगचं त्याच्या आज्यानं एकदा केलं होतं म्हणतात. ट्रकच्या मोडक्या पाट्याचा तुकडा तापवायचा, ठोकून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वाकवायचा, लालबुंद करून तेलात बुडवायचा, मग पुन्हा हलक्या आचेवर रंग निळसर येईपर्यंत उतरवायचा. आच जरा चुकली की स्प्रिंग एकतर काचेसारखी तुटते नाहीतर वाकून वाकलेलीच राहते. आज हे करायचं म्हटलं तर पाटा मिळेल, तेल मिळेल, भट्टी मिळेल. रंग ओळखणारा डोळा मिळणार नाही, आणि मिळालाच तर तो परवान्याविषयी विचारील.

स्क्रूंविषयी फार बोलत नाही. आमच्या बंदुकीचा एकही स्क्रू असा नाही की ज्याच्या डोक्यावरची खाच सरळ आहे. प्रत्येक पिढीनं आपल्या मापाचा नव्हे, तर हाताशी आला तो स्क्रू-ड्रायव्हर लावला. एका स्क्रूवर तर सुरीच्या टोकाच्या खुणा आहेत. ती सुरी घरात अजून आहे आणि ती कांदा कापते, हे एक समाधान.

दस्ता मनगटाच्या जागी, म्हणजे चापाच्या मागं निमुळता होतो तिथं चिरला आहे. ठासणीच्या बंदुकीत ही चीर ठरलेलीच. लाकूड तिथं सगळ्यात बारीक, आणि कुणीही बंदूक पाडली की पहिला मार तिथंच. आजोबांनी पितळेच्या तारेचे वेढे दिले होते. वडिलांनी त्यावर एम-सील लावलं. माझ्या पुतण्यानं त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळली, आणि तीही निळी. पाहणाऱ्याला वाटावं की बंदूक विजेवर चालते. चांगलं शिसवी लाकूड आणून नवा दस्ता करता येईल, असं एका सुताराचं म्हणणं. त्यानं भाव सांगितला, त्यात दोन पलंग येतात. आणि पलंगाचं कुणी लायसन विचारत नाही.

नळीचं वैर पावसाशी. काळ्या दारूत तीन चतुर्थांश सोरा, बाकी कोळसा आणि गंधक. ती जळली की नळीत जी मळी राहते ती हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंड खायला लागते. म्हणून बार उडवल्यावर त्याच दिवशी गरम पाण्यानं नळी धुवायची, कोरडी करायची, तेल लावायचं. बेळगावात जूनपासून हवेत इतका ओलावा असतो की दोरीवरचं धोतरसुद्धा वाळत नाही, नळी कुठून वाळणार. आणि नेमकी उसाची, भाताची राखण याच दिवसांत. बार उडवला तर मळीनं गंजते, न उडवता ठेवली तर ओल्या हवेनं गंजते. गंजाला बंदूक वापरली की नाही याच्याशी देणंघेणं नसतं.

त्यातून खंडेनवमी. त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. कोयता, विळा, नांगर, ट्रॅक्टर आणि मध्यभागी पाटावर बंदूक. दूध, पाणी, हळद, कुंकू, झेंडू, वर निरांजन. घरातल्या बायकांचा आग्रह की सगळ्यात जुनं हत्यार म्हणून सगळ्यात जास्त हळद बंदुकीला. ओली हळद घोड्याच्या खाचेत जाते, कुंकू निपलाच्या भोकात जातं. दसऱ्याला सीमोल्लंघन करून सोनं वाटायचं तेव्हा मी परसात निपलाच्या भोकात सुई घालून कुंकू काढत बसलेला असतो. वर्षभर ज्या बंदुकीकडं कुणी बघत नाही, तिला एक दिवस इतका मान मिळतो की पुढचे सहा महिने ती चालत नाही.

आता कागद. कागदाबद्दल माझी तक्रार नाही. कागद उत्तम स्थितीत आहे. आधी परवान्याचं नूतनीकरण तीन वर्षांनी होतं, २०१९ च्या दुरुस्तीनं ते पाच वर्षांवर आलं. परवान्याला देशभराच्या यादीतला स्वतंत्र क्रमांकही मिळाला आहे. म्हणजे आमची बंदूक दिल्लीला ठाऊक आहे. तिचं निपल झिजलंय हे मात्र फक्त मला आणि डुकरांना ठाऊक.

मी विचार केला, बंदूक निकामीच झाली आहे, तर परवान्याच्या फेऱ्यातून सुटका होते का बघावं. कलम ४५ मध्ये तशी सोय आहे. जुन्या ठेवणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार कायद्यातून वगळलं जातं. पण एक अट आहे: ते दुरुस्त न करता, किंवा दुरुस्त करूनही, बंदूक म्हणून चालता कामा नये. आमची बंदूक दुरुस्त केली तर चालेल. म्हणून ती कायद्याच्या दृष्टीनं बंदूक आहे. दुरुस्त करणारा कुणी मिळत नाही, म्हणून डुकराच्या दृष्टीनं ती काठी आहे. दोघांचंही म्हणणं मला मान्य करावं लागतं, कारण दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि दोघंही माझ्या रानात येऊ शकतात.

त्याच कलमात पुढं हत्यारांच्या किरकोळ भागांना सूट आहे. एकटं निपल खिशात घेऊन हिंडलात तर हरकत नाही, मात्र ते तुमच्याकडच्या किंवा दुसऱ्या कुणाकडच्याही जोडीच्या भागांबरोबर वापरायचा हेतू नसावा. म्हणजे बंदूक नसलेल्या आणि कुणाच्या बंदुकीशी सोयरसुतक नसलेल्या माणसानं निपल बाळगावं. ज्याला ते बसवायचं आहे, त्यानं विचार करावा. घोडं पेंड खातं ते इथं.

निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा. आमच्या भागात २०२० च्या डिसेंबरात ग्रामपंचायती झाल्या, २०२१ च्या एप्रिलात लोकसभेची पोटनिवडणूक, त्याच वर्षी सप्टेंबरात बेळगाव महापालिका, २०२३ च्या मेमध्ये विधानसभा, २०२४ च्या मेमध्ये पुन्हा लोकसभा. यांतल्या कुठल्या निवडणुकीला बंदूक द्यायची आणि कुठल्या नाही, याची चौकशी करण्यापेक्षा ती देऊन येणं सोपं. पावती मिळते. परत मिळते तेव्हा पावती जशीच्या तशी असते. बंदूक ज्या कोपऱ्यात उभी असते तिथं भिंतीला ओल असते, आणि एकदा तर तिचा ठासायचा गजच कुणीतरी पंख्याची जाळी पुसायला नेला होता. कुठल्या ठाण्यात, ते महत्त्वाचं नाही. जाळी स्वच्छ होती.

सरकारला बंदुका गोळा करायची हौस आजची नाही. १८५७ च्या नोव्हेंबरात मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारं जमा करायला नकार दिला; इंग्रजांनी गाव जाळलं आणि माणसं फासावर दिली. त्या वर्षीचा उठाव मोडल्यावर त्यांनी देशी शिपायांच्या हातून एन्फिल्ड रायफली काढून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या, म्हणजे नेम लागलाच तर जवळून लागावा. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हलगलीच्या माणसांनी हत्यारासाठी जीव दिला. मी आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स देतो. काळ सुधारला आहे.

याच कर्नाटक राज्यात कोडगूमध्ये कोडव समाजाला आणि जम्मा या वहिवाटीच्या जमीनधारकांना परवान्याची गरजच नाही. इंग्रजांच्या वेळेपासूनची ही सूट केंद्र सरकारनं २०१९ मध्ये पुढं दहा वर्षांसाठी वाढवून दिली. आम्हाला कर्नाटकात राहायचं की नाही यावर सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून सीमावादाचा दावा आहे, तोवर कर्नाटकातल्या चांगल्या गोष्टी तरी आमच्यापर्यंत याव्यात, एवढीच अपेक्षा. पण ती सूट कंग्राळीला मिळाली तरी निपल कुठून आणायचं हा प्रश्न तसाच राहतो.

आणि समजा, निपल मिळालं. खाच धारदार झाली, स्प्रिंग बसली, निळी टेप गेली, निवडणूक नाही, पाऊस नाही, पाहुणा नाही. तर बार कुणावर उडवायचा? रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं राखलेलं. परवानगीशिवाय मारलं तर मीच आत. मोर तर राष्ट्रीय पक्षी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानात बिबट्या दिसला, तेव्हा शाळा बंद झाल्या, ड्रोन उडाले, शोधायला शिमोग्याकडून हत्ती आणले. बिबट्या सापडला नाही. शहर जिथं एवढ्या साधनांनिशी काही करू शकलं नाही, तिथं माझी बंदूक आवाज करण्यापुरती. आवाजानं डुक्कर पळतं. पण आवाज फटाक्यानंही होतो, आणि फटाक्याला निपल नसतं.

शेजारच्या आक्कांनी तर उसाच्या कडेनं जुन्या साड्या बांधल्या आहेत. वाऱ्यानं पदर हलतात, डुकरं बिचकतात. साडी फाटली की आक्का सुईदोऱ्यानं टाचतात. कलम ५ सुईदोऱ्याला लागू नाही. मी बंदूक घेऊन बांधावर उभा असतो तेव्हा त्या विचारतात, "काय ओ भावजी, पाखरं बघायलासा?"

यावर उपाय नाही असं नाही. कंग्राळीत तो घरोघर निघतो आहे. निपल बदलण्यापेक्षा बंदूक बदलणं सोपं, बंदूक बदलण्यापेक्षा पीक बदलणं सोपं, आणि पीक बदलण्यापेक्षा रानात प्लॉट पाडून ते विकणं सगळ्यात सोपं. माझ्या तिन्ही बाजूंना दगड रोवून झाले आहेत. डुकरांना प्लॉटमध्ये रस नाही. चौथी बाजू माझी आहे, आणि एजंट चहाला येऊन गेला. तोही जाताना म्हणाला, बंदूक दाखवा की. ठक्.

उद्या मीही विकलं तर पीक राहणार नाही. पीक नाही म्हटल्यावर पिकाच्या राखणीच्या परवान्याला कारण राहणार नाही, आणि बंदूक सरकारजमा करावी लागेल. तेव्हा समोरचा कारकून ती उलटसुलट करून बघेल आणि विचारील, चालू आहे का? चालू आहे म्हणावं तर निपल नाही, नाही म्हणावं तर तो लिहील की परवानाधारकानं शस्त्राची नीट निगा राखली नाही. तेवढ्यासाठी तरी एक निपल हवं आहे. माप सोबत जोडलं आहे. कुठल्याच मापात बसत नाही, तरी जोडलं आहे.